तातडीच्या शुश्रूषेचें उच्च शिक्षण



गेल्या वर्षीं शाळा सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, तोंच दहावी उत्तीर्ण झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले. मुलगी मागें उभी होती. त्यांनीं खिशांतून चार घड्या घातलेला एक छापील कागद काढून माझ्यापुढें ठेविला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलें होतें कीं, घरबसल्या ऑनलाइन शिका व अतिदक्षता विभागाच्या नर्स व्हा. अमेरिकेंत असेंच शिक्षण चालतें! खालीं तीन हप्त्यांचा आंकडा होता. "बाई, हें खरें काय?" त्यांनीं विचारलें. "पहिला हप्ता भरून झाला आहे. उरलेले दोन भरावे कीं नाहीं, एवढेंच विचारावयास आलों."

त्यांस मीं त्या वेळीं जें उत्तर दिलें, तें पुढें येईलच. त्या कागदावर एक खरी गोष्ट होती, आणि तिच्या आडोशाला एक खोटी गोष्ट उभी केलेली होती. अमेरिकेंत तातडीच्या व गंभीर विकारांत शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांस पदव्युत्तर शिक्षण पुष्कळ अंशीं दूरस्थ पद्धतीनें मिळतें, हें खरें. परंतु तें कोणास मिळतें, त्यांतला कोणता भाग घरीं बसून शिकतां येतो आणि कोणता कदापि येत नाहीं, हें सांगण्याची तसदी त्या कागदानें घेतली नव्हती. तें येथें सांगावें असा विचार आहे.

आधीं हें शिक्षण निघालें तरी कां, तें पाहूं. माझी आत्या परिचारिका होती. जिल्ह्याच्या गांवीं एका इस्पितळांत तिनें तीस वर्षें नोकरी केली. एका रात्रीं दोन वाजतां एका बाळंतिणीचा चेहरा पांढरा पडत चाललेला तिला दिसला. नाडी जलद झाली होती, हातपाय गार पडले होते. काय होत आहे हें तिला कळलें. अशा प्रसंगीं काय करतात, हेंहि तिनें अनेक वेळां पाहिलें होतें. पण आज्ञा देणारे डॉक्टर दोन मैलांवर झोंपले होते, आणि त्यांच्या आज्ञेवांचून कांहींहि सुरू करण्याचा तिला अधिकार नव्हता. डॉक्टर पाऊण तासानें आले. ती बाई वांचली नाहीं. आत्यानें ह्या गोष्टीबद्दल कोणास दोष दिल्याचें मला आठवत नाहीं. "मला दिसत होतें ग," एवढेंच ती म्हणे, आणि दरवेळीं तेवढ्यावरच थांबे.

रुग्णाजवळ अष्टौप्रहर असते ती परिचारिका, व निर्णयाचा अधिकार असतो तो डॉक्टरांस. ह्या दोहोंमधील अंतरांत किती प्राण गेले असतील, त्याची गणती कोणीं ठेविलेली नाहीं. हें अंतर कमी करण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

इ. स. १९५२ मध्यें डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडून रुग्ण गुदमरत, आणि ब्लेगडाम रुग्णालयांत श्वसनयंत्रें तर अगदींच थोडीं होतीं. तेव्हां ब्योर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञानें अशी युक्ति योजली कीं, रुग्णाच्या गळ्यास छेद देऊन श्वासनलिकेंत नळी बसवावी व रबरी पिशवी हातानें दाबून फुप्फुसांत हवा भरावी. युक्ति चांगली, पण ती पिशवी रात्रंदिवस दाबणार कोण? सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रुग्णांच्या उशाशीं बसले आणि त्यांनीं हातांनीं त्यांचा श्वास चालू ठेविला. विद्यार्थ्यांनो, त्यांतील पुष्कळांचें वय तुमच्याहून चारपांच वर्षांनींच अधिक असेल! पुढें १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनीं त्याच शहरांत गंभीर रुग्णांसाठीं एक निराळा विभाग उघडला. आज आपण ज्यास अतिदक्षता विभाग अथवा आय. सी. यू. म्हणतों, त्याचा आरंभ सामान्यतः येथून धरतात.

दुसरी पायरी हृदयविकाराची. हृदयाचे ठोके नियमित पडण्याऐवजीं त्याच्या स्नायूंचा नुसता थरकांप सुरू झाला, म्हणजे रक्ताभिसरण थांबतें, व रक्त न मिळाल्यास मेंदूस चारपांच मिनिटांतच इजा पोंचूं लागते. विजेचा धक्का देऊन तो थरकांप थांबवितां येतो. पण धक्का देणारा मनुष्य त्या चारपांच मिनिटांत तेथें असला पाहिजे. १९६२ सालीं कॅन्सस सिटी येथें डॉ. ह्यूज डे यांनीं अशा रुग्णांसाठीं स्वतंत्र विभाग काढला. त्याच सुमारास फिलाडेल्फिया येथें डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर व परिचारिका रोझ पिनिओ यांनीं परिचारिकांस हृदयाचा विद्युत्-आलेख वाचावयास व वेळ पडल्यास डॉक्टरांची वाट न पाहतां स्वतः धक्का द्यावयास शिकविलें. हें त्या काळीं लहान धाडस नव्हे. "परिचारिकेनें निदान करूं नये" हा दंडक मोडल्यावांचून तें होण्यासारखें नव्हतें. पण घड्याळापुढें दंडकाचें काय चालणार?

तिसरी गोष्ट रुग्णालयाबाहेरची आहे. १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेटा फोर्ड ह्या परिचारिकेनें आणि हेन्री सिल्व्हर ह्या बालरोगतज्ज्ञानें मिळून एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतील मुलांस डॉक्टर मिळत नाहींत. मग अनुभवी परिचारिकेसच अधिक शिक्षण देऊन तपासणी, निदान व उपचार यांचा कांहीं भाग तिच्याकडे सोंपवावा, असा तो विचार. अशा परिचारिकेस 'नर्स प्रॅक्टिशनर' हें नांव पडलें. फोर्डबाईंनीं आपल्या रोपट्याचा वृक्ष झालेला डोळ्यांनीं पाहिला. त्या १०४ वर्षें जगल्या व २०२५ च्या जानेवारींत निवर्तल्या.

हे दोन प्रवाह, म्हणजे अतिदक्षतेचा एक व नर्स प्रॅक्टिशनरचा दुसरा, पुढें एकत्र आले. रुग्णालयांतील गंभीर रुग्णांसाठीं तयार केलेल्या नर्स प्रॅक्टिशनरांची पहिली राष्ट्रीय प्रमाणपत्र-परीक्षा अमेरिकेंत १९९५ सालीं झाली. २००३ सालीं तेथील शिकाऊ निवासी डॉक्टरांच्या कामास आठवड्यास ८० तासांची मर्यादा घातली गेली, तेव्हां रुग्णालयांस अशा परिचारिकांची गरज आणखीच भासूं लागली. आज त्या रुग्णाचा इतिहास घेतात, तपासणी करतात, चांचण्या सांगतात, औषधें लिहून देतात, श्वासनलिकेंत नळी घालतात, कृत्रिम श्वसनयंत्राचें प्रमाण बदलतात, आणि बाहेर बांकावर बसलेल्या नातलगांस जाऊन खरें काय तें सांगतात. (हें शेवटचें काम सर्वांत कठीण असावें, असें माझें मत आहे.) त्यांच्या अधिकाराची मर्यादा मात्र तेथें राज्याराज्यांत निराळी आहे. अर्ध्याहून अधिक राज्यांत त्यांस स्वतंत्रपणें काम करतां येतें. इतरत्र डॉक्टरांशीं करार किंवा त्यांची देखरेख लागते.

आतां शिक्षणाकडे वळूं. ह्या अभ्यासक्रमाच्या दाराशींच जी अट आहे, तीच त्या छापील कागदानें गाळली होती. प्रवेश घेणारी व्यक्ति आधींच नोंदणीकृत परिचारिका असावी लागते. बहुधा परिचर्येची पदवी लागते, आणि पुष्कळ विद्यापीठें अतिदक्षता विभागांतील एकदोन वर्षांचा अनुभवहि मागतात. म्हणजे ज्या हातांनीं शेंकडों रुग्णांची नाडी पाहिली आहे, त्यांसच पुढचें शिक्षण दुरून मिळतें. ज्या हातांनीं एकहि पाहिली नाहीं, त्यांस नव्हे.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी विवाहानंतर अमेरिकेंत गेली व तेथें परिचारिका झाली. हल्लीं ती हाच अभ्यासक्रम करीत आहे. तिचें नांव येथें देत नाहीं; वर्गांत ती माझ्या उजवीकडील दुसऱ्या बांकावर बसे, एवढें सांगितलें तरी तिच्या वर्गमैत्रिणी ओळखतील. आठवड्यांतून तीन दिवस बारा बारा तासांची पाळी करून उरलेल्या वेळांत ती अभ्यास करते. व्याख्यानें आधीं मुद्रित करून ठेविलेलीं असतात. मुलें निजल्यावर ती तीं ऐकते. आठवड्यांतून एकदां ठराविक वेळीं अध्यापक व विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर येतात. परीक्षेच्या वेळीं कॅमेरा चालू ठेवावा लागतो, व खोलींत दुसरें कोणी नाहीं हें आधीं चोहोंकडे फिरवून दाखवावें लागतें. आमच्या वेळच्या पर्यवेक्षकांनीं हें पाहिलें असतें तर धन्य मानलें असतें!

अभ्यासाचे तीन मुख्य खांब आहेत: शरीराचे व्यापार बिघडतात ते कसे, रुग्णाची सर्वांगीण तपासणी करावी ती कशी, आणि औषधें शरीरांत जाऊन करतात तें काय. हे तीनहि विषय पदव्युत्तर दर्जाचे व स्वतंत्र असलेच पाहिजेत, असा तेथील दंडक आहे. त्यांतील शिकविण्याची रीत कळावी म्हणून तिनेंच मला सांगितलेल्या प्रकारचा एक धडा येथें देतें. गणित सातवीचेंच आहे.

साठ किलो वजनाचा एक गृहस्थ ज्वर व धाप घेऊन येतो. लघवी कमी झाली आहे, बोलण्यांत थोडा भ्रम आहे. रक्तदाब भरतो वरचा ८४ व खालचा ४८. आतां अवयवांस रक्त पोंचतें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ह्या दोन आंकड्यांची सरासरी हवी. ८४ व ४८ मिळवून दोहोंनीं भागलें तर ६६ येतात. परंतु ही रीत चुकीची. कारण हृदय आकुंचन पावण्यास जितका वेळ घेतें, त्याच्या सुमारें दुप्पट वेळ तें शिथिल असतें; म्हणून खालच्या दाबाचें वजन दुप्पट धरलें पाहिजे. दोहोंतील अंतर ३६, त्याचा तिसरा हिस्सा १२, तो खालच्या ४८ मध्यें मिळविला असतां ६० होतात. ही खरी सरासरी. निरोगी मनुष्याचा दाब १२० व ८० असला तर ह्याच रीतीनें सुमारें ९३ येतील. जंतुसंसर्गानें रक्तदाब ढासळलेल्या रुग्णांत ही सरासरी निदान ६५ असावी, असा सध्यांचा संकेत आहे. तेव्हां चुकीच्या गणितानें पाहिलें तर हा गृहस्थ संकेताच्या वर आहे, आणि खऱ्या गणितानें पाहिलें तर खालीं. सहा आंकड्यांच्या चुकींत पुढील सर्व उपचार उलटेपालटे होतात. गणिताच्या तासाला "बाई, ह्याचा पुढें उपयोग काय?" असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

पण धडा येथें संपत नाहीं. येथें तो सुरू होतो. अशा रुग्णास पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागें निदान ३० मिलिलिटर द्रव शिरेवाटे द्यावा, असा सर्वसाधारण नियम सुचविलेला आहे. साठ किलोंस १,८०० मिलिलिटर झाले. आतां अध्यापक विचारतात: ह्या गृहस्थाचें हृदय आधींपासून दुबळें असेल तर? त्याच्या पायांवर सूज असेल तर? पहिल्या अर्ध्या लिटरनंतर धाप कमी न होतां वाढली तर? प्रतिजैविक आधीं द्याल कीं रक्ताचा नमुना आधीं घ्याल, आणि नमुना घेण्यास उशीर लागत असेल तर वाट पाहाल काय? प्रत्येकानें उत्तर व त्याचें कारण लेखी द्यावयाचें असतें. नियम पाठ असणारे विद्यार्थी येथें अडखळतात, असें ती म्हणाली. आपणहि अडखळलों, हें तिनें न विचारतां सांगितलें.

इतका भाग घरीं बसून उत्तम शिकतां येतो, किंबहुना कांहीं बाबतींत वर्गाहून चांगला, असें मला वाटतें. न समजलेलें व्याख्यान पुन्हा ऐकतां येतें, आणि मागच्या बांकावर लपून बसण्याची सोय नसल्यामुळें प्रत्येकास उत्तर द्यावेंच लागतें. मात्र पुढील भाग निराळा.

वर्षांतून कांहीं दिवस ह्या विद्यार्थिनींस विद्यापीठांत प्रत्यक्ष जावें लागतें. आमच्या मुलीनें आपलें विद्यापीठ आजवर दोनदांच पाहिलें आहे. तेथें मानवाकृति पुतळ्यांवर श्वासनलिकेंत नळी घालणें, मोठ्या शिरेंत नलिका बसविणें, टांके घालणें, हीं कामें करवून घेतात. अशा पुतळ्यांचा इतिहासहि ऐकण्याजोगा आहे. कृत्रिम श्वास शिकविण्याचा पहिला प्रसिद्ध पुतळा १९६० सालीं नॉर्वेंतील ऑस्मंड लेर्डाल ह्या खेळणीं बनविणाऱ्या कारखानदारानें तयार केला, आणि त्यास चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदींत बुडून मेल्याचें सांगतात त्या एका अनामिक तरुणीच्या मुखवट्याचा. पुतळ्यांखेरीज रुग्णाचें सोंग वठविणारीं माणसेंहि बोलावतात. हा प्रघात १९६३ सालीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनीं पाडला. एकदां असा सोंगाडी आमच्या मुलीपुढें मृत रुग्णाचा भाऊ होऊन आला आणि तिनें बातमी सांगतांच तो एक शब्दहि न बोलतां पांच मिनिटें बसून राहिला. "बाई, मला ठाऊक होतें तो नट आहे, तरी माझे हात थरथरत होते," असें ती म्हणाली.

त्याहून मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णालयांतला. आपल्याच गांवच्या वा जवळच्या रुग्णालयांत अनुभवी डॉक्टर अगर नर्स प्रॅक्टिशनर यांच्या हाताखालीं निदान ५०० तास काम केल्यावांचून प्रमाणपत्राच्या परीक्षेस बसतां येत नसे. २०२२ सालीं तेथील शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय मानकांनीं ही मर्यादा वाढवून ७५० तासांवर नेली. प्रत्येक तासाची नोंद ठेवावी लागते, आणि मार्गदर्शकाची सही लागते.

ह्याच ठिकाणीं ह्या पद्धतीचें दुखणें आहे, आणि तें झांकून ठेवणें योग्य नव्हे. कांहीं विद्यापीठें मार्गदर्शक शोधून देतात. कांहीं मात्र "तुमचा तुम्हीं शोधा" म्हणून मोकळीं होतात. आमच्या मुलीनें तीन महिने दारोदार विचारणा केली. एके ठिकाणीं तर तासामागें पैसे मागितले. शिवाय एका राज्यांतील विद्यापीठानें दुसऱ्या राज्यांतील विद्यार्थिनीस शिकवावयाचें तर तेथील परिचर्या-मंडळाचे नियम पाळावे लागतात. तिनें प्रथम निवडलेलें विद्यापीठ ह्याच कारणानें तिला सोडावें लागलें. कित्येक डॉक्टरांचा आक्षेप असा कीं, वैद्यकीय शिक्षणाच्या मानानें हे तास फार थोडे आहेत. माझ्या मतें हा आक्षेप पोकळ नाहीं. ज्या संस्था अनुभव न पाहतां प्रवेश देतात व मार्गदर्शकाची जबाबदारी विद्यार्थिनीवर ढकलतात, त्यांस तो पुरता लागू पडतो. दहा वर्षें अतिदक्षता विभागांत काढलेल्या परिचारिकेस तोच आक्षेप लावणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. तिचे खरे तास मोजावयाचे तर ते ७५० नव्हेत.

आपल्या देशांत काय स्थिति आहे? भारतीय परिचर्या परिषदेनें गंभीर रुग्णांच्या शुश्रूषेसाठीं नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आंखला आहे. त्यास परिचर्येची बी. एस्‌सी. पदवी, नोंदणी व निदान एक वर्षाचा रुग्णालयांतील अनुभव लागतो. हा अभ्यासक्रम निवासी पद्धतीचा आहे. विद्यार्थिनी रुग्णालयांत काम करीत करीत शिकते, आणि तिचा अधिकार संस्थेनें लेखी ठरवून दिलेल्या चौकटींत राहतो. घरीं बसून तो करतां येत नाहीं. विद्यापीठ अनुदान मंडळानें दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीनें शिकवूं नयेत अशा विषयांत परिचर्येचा समावेश केलेला आहे. पूर्वीं, १९९४ सालीं, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें परिचर्येचा एक दूरस्थ पदवी-अभ्यासक्रम सुरू केला होता खरा. पण तोहि आधींच नोकरींत असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठींच होता. अमेरिकेंतला नियम व आपल्याकडचा तो जुना नियम एकाच जागीं येऊन मिळतात, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

तेव्हां ज्या मुलामुलींस ह्या मार्गानें जावयाचें आहे (आणि मुलांसहि हा मार्ग खुला आहे), त्यांनीं बारावीस शास्त्र शाखा घ्यावी, जीवशास्त्र व रसायन यांत लक्ष घालावें, मग चार वर्षांची बी. एस्‌सी. नर्सिंगची पदवी घ्यावी. प्रवेशापूर्वीं त्या महाविद्यालयास परिषदेची व राज्याची मान्यता आहे कीं नाहीं, हें यादींत स्वतः पाहावें. छापील कागदावरील शिक्क्यावर विश्वासूं नये. पालकांस एक विनंति. "डॉक्टर होतां आलें नाहीं म्हणून नर्स" असें मुलीच्या देखत म्हणूं नये. माझ्या आजोबांनीं आत्याच्या वेळीं तें म्हटलें होतें, आणि तीस वर्षांनींहि तिला तें आठवत होतें.

त्या दिवशीं मुलीच्या वडिलांस मीं एवढेंच सांगितलें कीं, उरलेले दोन हप्ते भरूं नका. पहिला हप्ता परत मिळावा म्हणून आम्हीं दोन पत्रें लिहिलीं. उत्तर आलें नाहीं, व त्या क्रमांकावर आतां फोनहि लागत नाहीं. मुलीनें अकरावीस शास्त्र शाखा घेतली आहे. मागच्या महिन्यांत ती शाळेंत आली, तेव्हां तिच्या हातांत आजीच्या रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या नोंदी होत्या. वरील रीत मीं तिला एकदां सांगितली होती. तिनें प्रत्येक दिवसाची सरासरी काढून आणली होती. नवव्या दिवशीं भागाकार चुकला होता. तो आम्हीं दोघींनीं बसून दुरुस्त केला, आणि तो कागद डॉक्टरांस दाखविण्यासाठीं ती घेऊन गेली.